तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे

माझ्यावर ज्यांचं सगळ्यात मोठं ऋण आहे, त्या डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर आजाराचं नाव लिहिलं, नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली एक ओळ लिहिली, 'तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे'. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. स्वतःबद्दल चारचौघांत बोललेलं त्यांना कधी रुचलं नाही, आणि आता ते निवृत्तही झाले आहेत. पण त्या प्रश्नचिन्हामुळे माझं डी.एड. पूर्ण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. एवढं सगळं एका खुणेच्या खात्यावर मांडणं कोणाला जास्तीचं वाटेल. मला वाटत नाही. कारण त्याच्या थोडेच दिवस आधी दुसऱ्या एका कागदावर माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं होतं, त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

साल 1999. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पोळ्यासाठी फुलसावंगीला घरी आले होते. आल्या आल्या तापानं पडले. ताप उतरला आणि झोप गेली. मग दोन दिवसांत मी मी राहिले नाही. मला त्यातलं आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. पोळा भरला होता, बैल तोरणाखाली उभे होते, भोंग्यावर झडत्या चालल्या होत्या आणि प्रत्येक झडतीत माझं नाव घेताहेत असं मला स्पष्ट ऐकू येत होतं. सकाळी मी माहूरच्या रेणुकेची झाले आणि अंगणात येईल त्याला कुंकू लावत सुटले. दुपारी रांजणातल्या पाण्यात कोणी काही कालवलंय म्हणून खाटेखाली जाऊन बसले. संध्याकाळी हसत होते, गात होते, आणि दिवे लागले तेव्हा बाबांचे पाय धरून रडत होते की बैलांना सगळं कळलंय. काय कळलंय ते मलाही माहीत नव्हतं.

गाव म्हणालं, बाहेरचं हाय. काकू पैनगंगा ओलांडून माहूरला गेली, ओटी भरली, अंगारा आणला. आज मी शिकलेली बाई आहे, विज्ञान शिकवते, तरी त्या अंगाऱ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. जे बाहेरून आलं ते बाहेर जाईल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पोरगीच बिघडली, असं कोणी म्हटलं नाही. मला कोणी मारलं नाही, बांधलं नाही, कोंडलं नाही. हे माझं नशीब होतं, आणि ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पुढे 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या झोपडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळता न आल्यानं जळून मेले. ती बातमी वाचली तेव्हा मी बरी होऊन वर्गात उभी राहू लागले होते. त्या दिवशी मला शिकवता आलं नाही.

रात्री माझ्याजवळ बसायला तांड्यावरची याडी यायची. बंजारा भाषेत याडी म्हणजे आई, आणि आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला तेच म्हणत. तिचा आमच्याशी संबंध एवढाच, की कापूस वेचायला ती आमच्या वावरात यायची. आई दिवसभर माझ्यामागे धावून थकायची, मग याडी म्हणायची, "तू झोप वं, मी बसतो तिच्यापाशी." मी काहीही बरळले तरी ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. "बरं माय," एवढंच म्हणायची आणि डोक्यात तेल चोळत राहायची. आता मानसोपचाराची पुस्तकं वाचते तेव्हा कळतं, की भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि त्याचा भ्रम खराही ठरवू नये, असं तिथे शिकवतात. याडी कुठल्या शाळेत गेली नव्हती.

मग बाबा मला जवळच्या एका मोठ्या गावी घेऊन गेले. कुठलं गाव, कोणाकडे, ते मी सांगणार नाही. तिथे मला पाहिलं न पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठीवर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलं. बाबांना सांगितलं की हे आयुष्यभराचं आहे, गोळ्या कधी सुटणार नाहीत, पोरीच्या लग्नाचा विचार मनातून काढून टाका. परतीच्या एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत, असं आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. सावकाराच्या दारातून येतानाही ते असे बसले नव्हते, म्हणाली.

आमच्या गावातल्या एका गुरुजींनी हट्ट धरला, की यवतमाळला दाखवल्याशिवाय काही ठरवायचं नाही. महागाव, आर्णी करत आम्ही यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. आई, बाबा, मी आणि याडी. याडीला कोणी बोलावलं नव्हतं, ती गाडीत येऊन बसली होती.

त्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तिच्याशीच बोलण्यात घालवला. रात्री ती जागी असायची, म्हणून. झोप नेमकी कधी गेली? ताप आधी की बडबड आधी? हे हळूहळू महिनोन्‌महिने होत आलं की एकदम? एकाच गोष्टीचं वेड आहे की घडीघडीला बदलतं? धोतऱ्याचं बी पोटात गेलं का? फवारणीला गेली होती का? माझी मान ताठ आहे का ते पाहिलं, मलेरियासाठी रक्त घेतलं. तेव्हा बाबांना वाटलं, हे डोक्याचे डॉक्टर आणि तापाचं काय विचारताहेत. त्या प्रश्नांमागचं शास्त्र मला पुढे उलगडत गेलं. मेंदूज्वर असो, मेंदूवर चढलेला मलेरिया असो, की धोतरा, माणूस असाच बरळतो आणि त्याचे उपाय निराळे असतात. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तशा विषबाधेवर उतारा म्हणून देतात ते अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तरी माणूस भलतंसलतं बोलू लागतो, दिसत नसलेल्या वस्तू पकडू पाहतो. त्यांना कोणी वेडे म्हटलं तर? म्हणून आधी हे सगळं वगळायचं आणि मगच मनाच्या आजाराचं नाव घ्यायचं.

बाबांनी आधीची चिठ्ठी पुढे केली. "साहेब, माह्या पोरीले हेच हाय का?"

त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली. तिच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "एवढ्या दिवसांवरून ते नाव देता येत नाही. मी आज एक नाव लिहितो, पण ते आजचं आहे."

"नाव तं एकच असंल ना बिमारीले?"

"तुम्ही कपाशी लावता ना? दोन पानं वर आली की पराटी आहे हे ओळखता. एकरी उतारा किती येईल, ते त्या दोन पानांवरून सांगता का?"

"नाही बा. पाऊस पाहा लागते, बोंडं पाहा लागते."

"मग मलाही पाहू द्या."

हा संवाद बाबा मरेपर्यंत लोकांना सांगत होते.

डॉक्टरांनी लिहिलेलं नाव म्हणजे तीव्र व अल्पकालीन मनोविकृती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 1992 मध्ये छापलेल्या दहाव्या आवृत्तीत, या गटाला स्वतंत्र जागा मिळाली. आजार दोन आठवड्यांच्या आत पूर्ण भरात येतो, कधी अठ्ठेचाळीस तासांतच, आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो. डॉक्टरांच्या 'तीन महिन्यांनी' या शब्दांमागे हा हिशेब होता. ही जागा मिळण्यात आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कामाचा वाटा आहे, हे मला फार उशिरा समजलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1970 च्या दशकाअखेरीस दहा देशांत गंभीर मनोविकारांचा अभ्यास सुरू केला, त्यात चंडीगड आणि आसपासची खेडी होती. विग, वर्मा यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ सांगत होते, की आमच्याकडे येणारे कितीतरी रुग्ण स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-उदासी या युरोपातल्या दोन मोठ्या खणांत बसतच नाहीत. ते झपाट्यानं आजारी पडतात आणि झपाट्यानं बरे होतात. त्या अभ्यासातली आकडेवारी 1994 मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा असा आजार विकसनशील देशांत श्रीमंत देशांच्या दहापट आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट आढळला. चंडीगडच्याच संशोधकांना या आजाराआधी ताप येऊन गेल्याचं बऱ्याच रुग्णांत दिसलं. हे वाचताना मी थांबले. माझा ताप, याडीनं सांगितलेला, कोणाच्या तरी तक्त्यात आधीच बसलेला होता. त्या तक्त्यातल्या पंजाब-हरियाणाच्या अनोळखी बायकांचंही माझ्यावर ऋण आहे. त्यांनी वर्षानुवर्षं घरी आलेल्या माणसांना दार उघडलं, प्रश्नांची उत्तरं दिली. बारा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं तेव्हा त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्या बऱ्या होत्या.

औषधांबद्दल खोटं लिहिणार नाही. हॅलोपेरिडॉल सुरू झालं आणि एका संध्याकाळी माझी मान एका बाजूला वळली ती सरळच होईना, जीभ जड झाली. आई किंचाळली. तरुण माणसांत या औषधानं असं होतं आणि एका इंजेक्शननं ते उतरतं. तसं ते उतरलंही, पण ती भीती माझ्या आठवणीत आजाराहून जास्त ठसठशीत आहे. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, जोडीला कडकपणावरची गोळी दिली आणि पुढच्या खेपेला माझी माफी मागितली. "हे होऊ शकतं हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." सरकारी दवाखान्यातला डॉक्टर शेतकऱ्याच्या पोरीची माफी मागतो, हे बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दिवाळीच्या आधी मी वर्गात परत गेले. पुढच्या काही महिन्यांत गोळ्या टप्प्याटप्प्यानं बंद झाल्या. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं नाही. नवी तारीख घातली.

तेव्हा मला वाटलं होतं, खोडायला हवं होतं. माझी पुतणी आता मानसोपचारात पुढचं शिक्षण घेते आहे. तिनं मला समोर बसवून आकडे समजावले, तेव्हा त्यांनी का खोडलं नाही ते कळलं. 2016 मध्ये जगभरचे 42 अभ्यास एकत्र करून चौदा हजारांहून अधिक रुग्णांचं पाहिलं गेलं, की पहिल्या झटक्याला दिलेलं नाव सरासरी साडेचार वर्षांनी किती टिकतं. स्किझोफ्रेनियाचं सुमारे नव्वद टक्के टिकतं. उदासी-उन्मादाच्या मनोविकृतींचं चौऱ्याऐंशी. माझ्या आजाराचं छप्पन्न. म्हणजे माझ्यासारख्या शंभरांतल्या चव्वेचाळीस जणांचं नाव पुढे बदलतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत तर दहांपैकी चारांच्याच आसपास टिकलं आणि बदललेल्यांतले पुष्कळ स्किझोफ्रेनियाकडे गेले. पण पुदुच्चेरीत तीन वर्षं पाठपुरावा केला, त्या 2002 च्या अभ्यासात चारांपैकी जवळपास तिघांचं टिकलं, आणि बदललं त्यातल्या बहुतेकांचं बायपोलर झालं. सुरुवात जितकी एकाएकी, आजार जितका थोडक्यात आटपलेला, तितकं नाव पक्कं. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत म्हणूनच हा गट आवळून घेतला आहे. ज्यांची लक्षणं घडीघडीला रूप बदलतात, तेच आता त्यात राहिले. सकाळी रेणुका, दुपारी विष, संध्याकाळी गाणी. मी अजून त्यात आहे.

पुतणीनं विचारलं, "काकू, छप्पन्न ऐकून भीती नाही वाटली?" वाटली. पण 'आयुष्यभर' या शब्दानं जी भीती घातली होती ती वेगळी होती. तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं. या भीतीत लक्ष ठेवता येतं.

लक्ष ठेवणाऱ्यांत पुढे आमचे हे आले. स्थळ आलं तेव्हा डॉक्टरांचा एकच सल्ला होता, लपवू नका. बाबांचा जीव खालीवर होत होता. हिंदू विवाह कायद्यात वेडाचे वारंवार झटके येणाऱ्याच्या लग्नावर आक्षेप घेण्याची सोय आहे, आणि ओळखीच्या एका वकिलांनी ते कलम बाबांना वाचून दाखवलं होतं. त्याच वकिलांनी 1988 चा सर्वोच्च न्यायालयाचा रामनारायण गुप्ता खटल्याचा निकालही सांगितला. नुसतं आजाराचं नाव घटस्फोटाला पुरत नाही, आजार किती आहे आणि त्यानं संसार अशक्य होतो का, ते पाहावं लागतं. मी दोन्ही कागद, तो बिनप्रश्नचिन्हाचा आणि तो प्रश्नचिन्हाचा, यांच्यापुढे ठेवले. यांनी दोन्ही वाचले आणि विचारलं, "परत होणार असलं तर आधी काय दिसतं?" मी म्हटलं, झोप जाते. तेवढ्यावर त्यांचा होकार आला.

सासूबाईंना मात्र आम्ही सांगितलं ते मी गरोदर राहिल्यावर. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे अशा बाईला जोखमीचे असतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत मी रात्री जागी राहू लागले. तान्ह्या बाळाची आई जागीच असते, कोणाला वावगं वाटलं नसतं. सासूबाईंना वाटलं. "पोर झोपली तरी हे झोपत नाही," असं त्यांनी यांना पहाटे उठवून सांगितलं. त्याच दिवशी आम्ही यवतमाळला होतो. तोवर मला भिंतीतून कोणी बोलतंय असं वाटायला लागलं होतं, पण ते तिथेच अडलं. काही आठवड्यांत मी बरी झाले. त्या दिवसांत मुलीला सासूबाईंनी सांभाळलं, आणि बारशाला आलेल्या बायकांना सांगितलं की सुनेला अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी या वेळी मला स्पष्ट सांगितलं, की दुसरा झटका, तोही बाळंतपणानंतर, म्हणजे नाव बायपोलरकडे झुकू शकतं, आपण आणखी काही वर्षं पाहू. आम्ही पाहिलं. त्यानंतर काही झालं नाही. निवृत्त होण्याआधी त्यांनी माझा शेवटचा केसपेपर लिहिला, त्यात पहिलंच नाव होतं, पुढे 'दोन झटके, पूर्ण बरी' असं होतं आणि प्रश्नचिन्ह गेलं होतं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक तरतूद आहे, की पूर्वी कोणी मनोरुग्णालयात उपचार घेतले एवढ्याच कारणानं त्याला आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरवता येणार नाही. 1999 मध्ये ही तरतूद नव्हती. ती ज्याच्या मनात आधीपासून होती असा एक माणूस मला भेटला.

याडी मला सासरी दोनदाच भेटायला आली. दुसऱ्यांदा तिनं मुलीला मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावलं आणि जाताना मी लुगड्यासाठी पुढे केलेले पैसे घेतले नाहीत. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचं फेडायचं राहिलं.

आमच्या शेजारच्या एका पोराचं गेल्या काही वर्षांत असंच झालं. ऐन तारुण्यात, दोन-तीन दिवसांत बरळायला लागला. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मीच त्याच्या आईला फोन लावून दिला, आणि मग यवतमाळ. पहिलं नाव माझ्याच आजाराचं लिहिलं गेलं. तो बरा झाला, माझ्याकडे बोट दाखवून आई सगळ्यांना सांगू लागली की बाईंसारखंच होतं. वर्षभरानं त्याची झोप पुन्हा उडाली, पण या वेळी भीती नव्हती, नुसता उत्साह. उधारीवर मोटरसायकल घेतली, जमीन विकून हॉटेल टाकायची बोलणी करून आला. डॉक्टरांनी नाव बदललं, बायपोलर लिहिलं, लिथियम सुरू केलं. त्याची आई दोन्ही कागद घेऊन माझ्या अंगणात आली, फसवल्यासारखी. "आधी एक सांगतलं, आता दुसरंच सांगतेत. खरं कोणतं?"

मी तिला बसवलं. सांगितलं, की पहिलं त्या दिवशी जेवढं दिसलं त्यावरून लिहिलं होतं आणि आता वर्षभर पाहून दुसरं लिहिलं आहे. बदललं नसतं तर त्याला चुकीच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या. तिला ते पटलं की नाही मला ठाऊक नाही, पण तिनं दोन्ही कागद एकत्र ठेवले, पहिला फाडला नाही. तो आता शेतात जातो. लिथियम चालू असलं की रक्तातलं त्याचं प्रमाण, मूत्रपिंडं आणि थायरॉइड यांची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते. सोयाबीनच्या काढणीत ती तारीख त्याच्या घरी निसटते, म्हणून मी ती शाळेच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. त्या दिवशी रजा टाकून त्याच्याबरोबर सकाळच्या एसटीनं यवतमाळला जाते.